एका विहिरीची हमी

विहिरीचे पाणी पारखायचे असेल तर आधी गूळ खाऊ नये. आमच्या आगरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही हे कळते. मला ते चाळिशी उलटल्यावर कळले, आणि तोवर एका मुलीचे लग्न होऊन गेले होते.

मुलगी आमच्या शेजारणीची. शेजारीण माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, तिचे यजमान मला थोरल्या भावासारखे होते, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो आणि ती मला भावजी. यजमान गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. घरात पुरुषमाणूस नाही, तेव्हा बाहेरची कामे माझ्याकडे. मी अलिबागेला एका वकिलांकडे कारकून. मॅट्रिकच्या उंबऱ्यापर्यंत गेलो आणि उंबऱ्यालाच ठेच लागून परत आलो. पण वकिलांच्या कचेरीत राहून इंग्रजी शब्द तोंडात बसले होते. दुकानात गेलो तरी एखादा टाकल्याशिवाय मला करमत नसे. बायको म्हणायची, "भाजी आणायला पाठवलं की हे इंग्रजी घेऊन येतात."

तर मुलीला सोळावे सरून सतरावे लागले आणि दिघीपलीकडचे एक स्थळ चालून आले. दिवेआगरच्या वाटेवर, खाडीच्या काठाला घर. नारळी-पोफळीची बेताची वाडी, मुलगा एकुलता एक, निर्व्यसनी. स्थळ पाहून यायला वहिनींनी मला सांगितले. निघताना अंगणात येऊन म्हणाल्या, "भावजी, दागिने नकोत, थाटमाट नको. एकच बघून या. पाणी गोड आहे ना, आणि दारात आहे ना."

त्या असे का म्हणाल्या, ते आमच्या सगळ्या आळीला ठाऊक होते. त्यांच्या सासरची विहीर मचूळ. लग्न होऊन आल्यापासून प्यायचे पाणी त्यांनी पाऊण मैलावरून आणले. दोन मुले पोटातच गेली. वैद्यांनी कारण काही सांगितले असेल. वहिनी मात्र कुणाजवळ बोलल्याच तर एवढेच म्हणायच्या, की हंडा जड होता.

इतके माहीत असून मी काय केले? मार्गशीर्षातली ऊन उतरलेली दुपार, दोन खाड्या ओलांडून मी दमून पोहोचलो. मुलाच्या आईने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे गूळपाणी पुढे ठेवले. गूळ सुरेख होता. पहिला खडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि वर तांब्याभर पाणी घटाघटा प्यालो. म्हटले, "वा! पाणी काय, सरबत आहे!" मुलाचे वडील नुसते हसले. मला वाटले, माणूस नम्र आहे.

परत आलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या.

"कसं आहे?"

"दारात विहीर, दहा पावलांवर. पाणी एकदम गोड. आय व्हाउच!"

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे माझी हमी. तुम्ही आता काळजी सोडा."

त्यांनी खरेच सोडली. त्या रात्री कितीतरी वर्षांनी त्यांच्या घरातून ओवी गुणगुणल्याचा आवाज आला, असे बायकोने मला सांगितले. मी स्वतःवर फार खूष झालो.

माघात लग्न झाले. चैत्राच्या अखेरीला वहिनी एक पत्र घेऊन आल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगी चौथीपर्यंत शिकलेली. "भावजी, वाचा," म्हणाल्या आणि ओटीवर पदर सावरून बसल्या. मी मोठ्याने वाचू लागलो. सगळी मंडळी प्रेमळ आहेत. सासूबाईंचे गुडघे धरले आहेत, म्हणून मी त्यांना उठू देत नाही. वाडीला फणस पुष्कळ आहे. इथे डाळ शिजायला फार वेळ लागतो, तेव्हा जरा लवकर उठते. तू माझी काळजी करू नकोस.

मी पत्राची घडी घातली. "छान आहे की सगळं."

वहिनी म्हणाल्या, "डाळीचं पुन्हा वाचा."

मी वाचले.

"डाळ जुनी असेल," मी म्हटले.

"डाळ मीच दिली होती सोबत. यंदाची. मचूळ पाण्यात डाळ अशीच शिजत नाही."

उठताना, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "तिला दिवस गेलेत. तिनं लिहिलं नाही, कुणाकडून तरी कळलं." आणि गेल्या. मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मी काहीतरी सबब सांगितली असती, वकिलाकडे राहून तेवढे आले होते.

बायको आत तांदूळ निवडत होती. तिने सगळे ऐकले होते.

"तिथे गेलात तेव्हा गूळ दिला होता?"

"दिला होता."

"आधी गूळ खाल्लात, की आधी पाणी प्यालात?"

"...गूळ."

"किती?"

"दोन खडे. लहान होते."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. आमचे वकीलसाहेब साक्षीदाराला तासभर झोडपून जे काढत, ते हिने तीन प्रश्नांत काढले, आणि वर फी नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझे कशात लक्ष लागेना. कामे आटोपल्यावर मी हळूच विषय काढला. "साहेब, एखाद्याने नुसतं व्हाउच केलं, कागदावर काही नाही, तर तो कितपत अडकतो?"

"कुणी केलंय?"

"छे, सहज विचारलं."

"सहज कुणी असलं विचारत नाही," म्हणून त्यांनी चष्मा चढवला आणि मागच्या फडताळातला तो विटेएवढा जाड कोश काढायला सांगितला. शब्दाचे कूळ शोधायचे म्हटले की त्यांना अशिलाचाही विसर पडे. बोट ओळीवरून फिरवीत म्हणाले, "मूळ लॅटिन. तिथून फ्रेंचांकडे, तिथून इंग्रजांकडे. अर्थ काय म्हणशील? हाक मारणे."

"हमी देणे नाही?"

"ते मागाहून. आधी हाक. जुन्या काळी विलायतेत जमिनीवर कुणी दावा सांगितला, की कब्जेदार म्हणे, ज्याने ही जमीन मला दिली त्याला बोलवा. मग त्याच्या नावाने हाक होई. त्याने येऊन उभे राहायचे आणि जमीन राखून द्यायची. नाही राखता आली, तर तेवढ्याच मोलाची आपली द्यायची. हाक मारण्याला व्हाउच म्हणत. पुढे पुढे हाकेला उभा राहणाराच म्हणू लागला, मी व्हाउच करतो." त्यांनी कोश मिटला. "आणि गंमत बघ, आपला संस्कृतातला वच् धातू आणि हा शब्द एकाच कुळातले, असं पंडित सांगतात. आपण वचन म्हणतो ना, ते याचं चुलत भावंड."

"आणि हाक मारूनही तो आला नाही तर?"

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "कोर्टाला परवापासून सुट्टी लागतेय," ते म्हणाले. "कुठे जाऊन यायचं असेल तर ये."

इतकी वर्षे मी हा शब्द सुपारीसारखा तोंडात घोळवीत होतो. बोललो की आपण मोकळे, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात माझे काम आता कुठे सुरू होत होते. तेवढ्याच मोलाचे द्यायचे, तर माझ्याकडे काय होते? आळीने मागाहून खणलेल्या आमच्या विहिरीचे पाणी गोड होते, पण ते दिघीपलीकडे कसे नेणार?

बायकोने भाकऱ्या बांधून दिल्या. "काय करणार जाऊन?" तिने विचारले.

"व्याह्यांशी बोलेन. कायदेशीर मुद्दे काढलेत."

"विहिरीला कायदा सांगा," ती म्हणाली. पण पिशवीत तिने सुंठेचे लाडू घातलेले मला पुढे रेवदंड्याला दिसले. माझ्यासाठी नव्हते ते, मुलीसाठी. मी एकच खाल्ला.

आगरदांड्याला खाडी उतरवणारी होडी, तर, उभी होती. तरीवाला चाचा म्हातारा, दाढी मेंदीने रंगवलेली, जाणाऱ्या-येणाऱ्याची खबर घेतल्याशिवाय वल्हे उचलत नसे. कुठे, कुणाकडे, सारे विचारून झाले. मी घर सांगितले, आणि मन मोकळे करायला कुणीतरी हवेच होते म्हणून पाण्याची गोष्टही सांगून टाकली. गुळासकट.

चाचा वल्हे सोडून हसला. "या अल्ला! कारकूनसायब, त्या बावीचा पानी आमचा बैल पन तोंड वाकडा करून पितो! मला विचारलं असतंत तर तरीवरच सांगितलं असतं."

"मग त्या वेळी का नाही बोललात? मी तुमच्याच तरीतून गेलो होतो."

"तुमी विचारलं कुटं? तुमी तवा सगल्या तरीला इंग्रजी शिकवीत व्हतांव."

पलीकडे उतरेपर्यंत मी खाडी बघत बसलो.

व्याह्यांनी स्वागत चांगले केले. गूळपाणी आले. मी म्हटले, "गूळ राहू द्या, नुसतं पाणी द्या." विहीणबाईंचा चेहरा उतरला, पाहुणा रुसून आलाय असे त्यांना वाटले. मी घोट घेतला. मीठ जिभेला लगेच कळले. माझे कायदेशीर मुद्दे तयार होते, ते काढणार एवढ्यात व्याहीच म्हणाले, "मचूळ लागलं ना? बारा महिने थोडं असतंच. वैशाखात जास्त. आमच्या तीन पिढ्या नडीला हेच पीत आल्या. तुम्ही त्या दिवशी सरबत म्हणालात, मला वाटलं, चेष्टा करताय."

आता या माणसाशी काय भांडायचे? त्याने फसवले नव्हते. फसायला मी स्वतःच खडे चघळीत गेलो होतो. मुद्दे तसेच गिळले.

"मग एरवी प्यायला काय करता?" मी विचारले.

"डोंगराच्या पायथ्याशी झरा आहे. सूनबाई आणते दोन खेपा. गुणी आहे हो पोर, तोंडातून ब्र नाही."

सकाळी फटफटले तेव्हा ती मला पायवाटेवर दिसली. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, एक हात वर धरलेला, दुसरा कमरेला. चढ उतरताना ती प्रत्येक पाऊल आधी चाचपत होती. वहिनी अशाच चालायच्या. मी पुढे झालो. तिने मला पाहिले आणि हसली, आणि मग डोळे भरले.

"काका, आईला सांगू नका हं."

"आईला ठाऊक आहे."

"तिला कसं कळलं?"

"डाळीवरून."

ती उभ्या जागी हसू लागली, पाणी हिंदकळून तिच्या गालावरून ओघळले. मी कळशी घेतली. ती नको नको म्हणत होती. घरी आलो तर गोठ्याच्या कुडाला एक जुनी कावड टेकवलेली दिसली. व्याह्यांच्या गड्याची असावी. मला दुसरे काही सुचत नव्हते, म्हणून ती खांद्यावर घेतली, दोन घागरी अडकवल्या आणि दुसऱ्या खेपेला मीच निघालो.

कावड हे प्रकरण लांबून सोपे दिसते. माणूस चालतो, बांबू लवतो, घागरी तालात हलतात. माझ्या घागरींना ताल नव्हता. एक पुढे जाई तेव्हा दुसरी मागे राही, आणि मी दोघींच्या मधे भांडण सोडवणाऱ्यासारखा गरगर फिरे. घरी पोहोचलो तेव्हा दोन्ही मिळून अर्धी घागर उरली होती. बाकी माझ्या धोतरात. वाटेवर तीनचार बाया उभ्या होत्या.

"कोन गो ह्यो?" एकीने विचारले.

"अलिबागचा कारकून हाय."

"मंग पानी का भरतो?"

"कोरटात हरला आसंल, दंड झाला."

खरे तर अगदी बरोबर बोलली ती.

मी दिवसाला चार खेपा करायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी खांद्याला फोड आले. तिसऱ्या दिवशी मुलगी फडक्याची चुंबळ करून घेऊन आली आणि माझ्या खांद्यावर ठेवली. चौथ्या दिवशी पाणी थोडे कमी सांडले. गावातली माणसे आता खेपेच्या वेळा साधून पारावर येऊन बसत. कुणी विचारी, "कारकून, आज किती पोचलं?" मी खरे सांगे. मोठ्या आवाजात, इंग्रजीत, असे काही बोलण्यासारखे तिथे नव्हते.

पाचव्या दिवशी व्याही माझ्या वाटेत उभे राहिले. चेहरा लाल.

"हे थांबवा. लोक म्हणतात, व्याह्याने मुलीकडच्या पाहुण्याला पाण्याला जुंपलंय. बोट दाखवतात माझ्याकडे."

"तुम्ही कुठे जुंपलंत? माझं मीच जुंपून घेतलंय."

"का पण?"

मी कावड खाली ठेवली. सांगताना मला लाज वाटत होती, पण सांगितले. वहिनींच्या हंड्याची गोष्ट, त्या दोन मुलांची. "मी त्यांना शब्द दिला होता, की इथे पाणी गोड आहे," मी म्हटले. "आता ते तसं नाही, तर मला आणून द्यायला हवं. कोर्टाला महिन्याची सुट्टी आहे."

"महिनाभर?"

"मुलीला सहावा लागेपर्यंत रजाही मागेन म्हणतो."

ते गोठ्याकडे गेले. विहीणबाई दाराआडून ऐकत होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला. त्यांना सुनेला दिवस गेल्याचे ठाऊक होते, पण गरोदरपण आणि पाणी या दोन गोष्टी त्यांनी कधी एकत्र बघितल्या नव्हत्या. त्यांनीही त्या अवस्थेत हेच पाणी आणले होते, आणि कुणी त्यांच्यासाठी बोलले नव्हते.

नवव्या दिवशी सकाळी उठलो तर कावड जागेवर नव्हती. मला राग आला. कुणी चोरली असे वाटले. इतक्या दिवसांत त्या बांबूवर माझा जीव बसला होता. अंगणात येऊन बघतो, तर जावई पायवाटेने खाली येत होते. खांद्यावर कावड, घागरी तालात, एक थेंब सांडत नव्हता. हा मुलगा इतके दिवस माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलला नव्हता. नुसता लाजून खाली बघायचा. त्याने घागरी उतरवल्या, हंडा भरला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काका, तुम्ही फार सांडता."

पारावरची माणसे त्याला हसली का? हसली. बायकोचे पाणी भरणारा म्हणून दोन दिवस टिंगल झाली. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्यासमोरून शीळ घालीत गेला. मग त्यांचाही कंटाळा आला, दुसरे काहीतरी बघायला मिळाले असेल.

मी निघालो तेव्हा मुलगी पाया पडायला वाकली. मी म्हटले, "वाकू नकोस, नुसतं उभी राहा." व्याही तरीपर्यंत पोचवायला आले. वाटेत म्हणाले, "पुढच्या साली डोंगराच्या अंगाला खणून बघतो." हे पुढचे साल यायला तीन वर्षे लागली, पण विहीर झाली आणि पाणी गोड लागले. मी ते तोंड धुऊन, उपाशीपोटी चाखले. मुलगी मात्र मी परतलो त्याच वर्षी सातव्यात माहेरी आली, आणि वहिनींच्या माजघरात तिला मुलगी झाली; ठणठणीत, आणि रडायला खणखणीत.

पण ते पुढचे. मी परत आलो त्या दिवशी आधी वहिनींकडे गेलो. त्या ओटीवर वाती वळीत होत्या. मी सगळे सांगितले, जावयाच्या कावडीपर्यंत. त्यांनी हातातली वात खाली ठेवली, मला बसायला पाट दिला, आणि कितीतरी वेळ माझ्या खांद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, तुमचे भाऊ असते ना, तर त्यांनाही हे सुचलं नसतं." त्या यजमानांविषयी पहिल्यांदाच असे काही बोलल्या होत्या. त्यात तक्रार होती की माया, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

घरी बायकोने तेल कोमट करून आणले. सदरा काढल्यावर तिने खांदा पाहिला. मला वाटले, आता ऐकावे लागणार. ती नुसती तेल चोळत राहिली. हात हलका होता. मी डोळे मिटले. मग ती म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर आपल्या विहिरीवर या."

"अगं, खांदा बघितलास ना?"

"पाणी मी भरीन. तुम्ही नुसतं येऊन उभे राहा. तरीवाल्या चाचाकडून खबर फिरत आली तेव्हापासून मी सगळ्या जणींना सांगतेय, माझा नवरा तिकडे कावड वाहतोय. एकीचाही विश्वास बसत नाही."